पहिला आवाज, डावी दाढ

२ फेब्रुवारी
आजपासून मेहुण्याशी संबंध संपले.
जेवायला आला होता. जेवणं झाल्यावर मी नेहमीप्रमाणे बँडचा पहिला अल्बम लावला. आमच्यात बँड म्हटलं की एकच. बाकीचे नुसते वाजवतात. त्याचे तीन काळ. पहिला गायक एकच अल्बम गायला आणि भांडून निघून गेला. मग दुसरा आला आणि वर्षानुवर्षं गात बसला. हल्ली तिसरी आहे, बाई आहे. तिला मी ऐकलेलं नाही, त्यामुळे माझं मत ठाम आहे.
मी पहिल्याच्या काळाचा माणूस. मेहुणा दुसऱ्याच्या. तो दातांचा डॉक्टर असल्यामुळे गाण्याची पारख जबड्यावरून करतो. दुसरा म्हणे तोंड नीट उघडतो, पहिला दात आवळून गातो. हे मी इतकी वर्षं ऐकून घेतलं. आज मात्र हात पुसत म्हणाला, भावजी, तुम्हाला पहिला आवडतो हा तुमचा समज आहे, तुम्हाला सवय आवडते.
ही हसली. मुलगीही हसली. एकमेकींकडे बघून हसल्या. त्यात हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.
ठराव : तो माफी मागत नाही तोवर त्याच्या दवाखान्याची पायरी चढायची नाही.

४ फेब्रुवारी
दुकानात गर्दी. चष्म्याचा नंबर काढताना दिवसभर एकच प्रश्न : ही काच बरी की ती? पहिली की दुसरी? सकाळी एक निवृत्त मास्तर आले. पहिली म्हणाले, मग दुसरी, मग परत पहिली, आणि शेवटी म्हणाले, दोन्ही सारख्याच हो, तुम्हीच काय ते ठरवा.
लोकांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नाही. मला पहिला आणि दुसरा झोपेतून उठवून ऐकवा. नुसता श्वास ऐकवा.

६ फेब्रुवारी
खाली डावीकडची दाढ किंचित ठणकते. योगायोग.

९ फेब्रुवारी, सकाळी
ॲडमिनचा फोन. आमच्या चाहत्यांच्या ग्रुपचा हा ॲडमिन एरवी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. २६ तारखेला रविवारी त्याच्या वर्गाच्या खोलीत मेळावा आहे. विषय : खरा काळ कोणता? पहिल्याच्या बाजूने मी बोलायचं, दुसऱ्याच्या बाजूने मेहुणा. तिसरीसाठी कोणीच पुढे येईना, तेव्हा माझ्याच मुलीने नाव दिलं. घरातूनच असा आहेर. शेवटी हात वर करून मतदान.
मी ॲडमिनला सांगितलं, माझ्या भाषणानंतर हा विषय कायमचा मिटेल. तो म्हणाला, साहेब, पहिल्या अल्बमची कुठली आवृत्ती वाजवणार आहात? दोन आहेत म्हणून विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे एकच असते, खरी. कव्हरवर पहिल्याचा फोटो आहे, आणखी काय पाहिजे? त्याने बरं साहेब म्हणून लगेच फोन ठेवला. माझ्या उत्तराची छाप पडली असावी.

१२ फेब्रुवारी
भाषणाचा गाभा लिहून झाला. शेवटचं गाणं, त्यातली शेवटची ओळ. तिथे त्याचा आवाज फुटतो. दुसरा कोणी असता तर ती ओळ पुन्हा गाऊन घेतली असती. यानं तशीच ठेवली. तो फुटलेला आवाज म्हणजे पहिला. दुसऱ्याला हे सात जन्मांत जमायचं नाही. हे वाक्य अधोरेखित केलं आहे.
वडील गेले त्या वर्षी ही सीडी आणली. दुकान बंद करताना शटर अर्धं ओढायचं आणि तेवढं एक गाणं ऐकून घरी जायचं, असं पुष्कळ महिने चाललं होतं. घरी कोणासमोर रडलो नाही. ते काम तो तिकडे करत होता. हे भाषणात घेणार नाही. खासगी आहे. मेहुणा तेव्हा रोज मला न्यायला यायचा आणि बाहेर स्कूटरवर थांबायचा. तेही घेणार नाही. विषयाला सोडून आहे.

१५ फेब्रुवारी
मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. लवंगेचं तेल. उजव्या बाजूने चावायचा संकल्प.
ही म्हणाली, त्याला फोन करू का? मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. ही म्हणाली, मग तत्त्व तेवढं डाव्या बाजूने चावून दाखवा. हिच्या माहेरचे सगळे असेच बोलतात.

१७ फेब्रुवारी, दुपारी
गावाच्या दुसऱ्या टोकाला एक तरुण डॉक्टर आहे, तिकडे गेलो. दुकानात सांगितलं की लेन्स आणायला जातो. त्याने आरशाने बघितलं, हं म्हणाला, आणखी बघितलं आणि पुन्हा हं म्हणाला. दाढ काढावी लागेल, मुळं वाकडी आहेत. मी म्हटलं, काढा. तो म्हणाला, छे छे, असल्या अवघड केसेस आम्ही सरांकडे पाठवतो, सरांचा हात फार हलका. त्याने चिठ्ठी लिहून दिली. बाहेर येऊन बघितलं तर मेहुण्याचं नाव.
चिठ्ठी फाडणार होतो, पण कागद चांगला होता. खिशात ठेवली.

१९ फेब्रुवारी
भाषणाची तालीम. गालाला रुमाल बांधून केली, त्यामुळे उलट एक गांभीर्य आलं. श्रोता : मुलगी. फुटलेल्या आवाजाचा भाग आल्यावर ती नखं बघायला लागली. नंतर म्हणाली, बाबा, तेवढं शेवटचं गाणं काढून टाका ना. मी म्हटलं, म्हणजे माझ्या घराचा खांबच काढून टाकू? ती म्हणाली, दुसरा कुठला तरी खांब लावा. मग म्हणाली, तुम्ही सगळे सोडून गेलेल्यांवरून भांडता, आत्ता जी बाई जीव तोडून गातेय तिला कोणी ऐकतच नाही.
हिला मामाने फितवलं आहे. बँडच्या इतिहासात फितुरी नवी नाही.

२१ फेब्रुवारी
गाल सुजला. दुकानात प्रश्न नीट विचारता येईना. पहिल्या काचेला एक बोट, दुसऱ्या काचेला दोन बोटं दाखवून काम चालवलं. एका बाईंनी विचारलं, मौनव्रत का? मी मान हलवली. त्यांनी नमस्कार केला आणि महागातली फ्रेम घेतली.
दुःखातसुद्धा माणसाची छाप पडतेच.

२३ फेब्रुवारी
उद्या जायचं ठरवलं आहे. हिने फोन केला, मी नाही. अटी कळवल्या आहेत : पहिली, दवाखान्यात माझी सीडी लागेल. दुसरी, बँडविषयी एक शब्द बोलायचा नाही. दोन्ही मान्य आहेत असं त्याने कळवलं. याला शरणागती म्हणतात. त्याची.
ठरावाचं काय, असं मुलीने विचारलं. तिथे लिफ्ट आहे. पायरी चढण्याचा प्रश्नच येत नाही.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळी
लिहिण्याच्या मनःस्थितीत नाही. तरी लिहितो.
खुर्चीत बसवलं. चष्मा काढून घेतला. इंजेक्शन दिलं. जीभ, ओठ, हनुवटी, सगळं परक्याचं झालं. त्याने माझी सीडी लावली आणि शब्द पाळून गप्प राहिला. शेवटचं गाणं सुरू झालं तेव्हा मी एक बोट वर केलं. म्हणजे पहिला. ऐक आता.
त्याने हातातली हत्यारं खाली ठेवली. आवाज फुटतो तिथपर्यंत ऐकलं. मास्क खाली ओढला आणि म्हणाला, भावजी, अट मोडतोय, पण रविवारी सगळ्यांसमोर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. हा दुसरा आहे.
मी म्हटलं, आ. एवढंच जमलं.
म्हणाला, पहिल्याचं कंपनीशी भांडण झालं होतं ना? सीडी काढताना त्याचा आवाज वापरता येईना. मग सगळी गाणी दुसऱ्याकडून गाऊन घेतली. कव्हर तेच ठेवलं. पहिला फक्त जुन्या कॅसेटवर आहे.
मी पुन्हा म्हटलं, आ, जरा जोरात. त्याने सीडीचं कव्हर उलटं करून माझ्या हातात दिलं, माझा चष्मा मला घातला, वरचा दिवा वळवून त्यावर धरला आणि अगदी खाली, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मी दिवसभर लोकांना शेवटची ओळ वाचायला लावतो. वाचता आली नाही तर नंबर वाढवून देतो. वाचली.
छपाई फार निकृष्ट आहे.
खुणेनेच विचारलं, कधीपासून माहीत आहे? म्हणाला, तुम्ही आणलीत तेव्हापासून. शटरच्या बाहेर थांबायचो ना मी, पहिल्याच दिवशी ओळखला. तेव्हा कसं सांगणार? पुढे राहूनच गेलं. ताईला माहीत आहे. पोरीलाही. परवा तुम्हाला सवयीचं बोललो ते चुकलंच माझं.
माफी मागितली! तारीख लिहून ठेवली आहे, वर आहेच.
मग त्याने दाढ काढली. कळलंसुद्धा नाही. हात हलका आहे, हे मी खासगीत मान्य करतो.

२५ फेब्रुवारी
विचार केला. आजारपणाच्या कारणावरून मेळाव्याला न जाणं योग्य. मग वाटलं, घाबरला म्हणतील. जाणार. पण बोलणार नाही, डॉक्टरांची मनाई आहे. दुपारपर्यंत तशी मनाई नव्हती. मी हिच्याकरवी त्याला ती करायला लावली.

२६ फेब्रुवारी
मेळावा झाला. खोलीत भिंतीभर रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते. मला जागा मिळाली ती नेमकी प्रवेश बंदच्या खाली.
मुलगी आधी बोलली. चांगली बोलली. लोक चहा पीत होते.
मग ॲडमिनने जाहीर केलं की साहेबांना बोलायची बंदी आहे, पण भाषण लिहून तयार आहे, कोणीतरी वाचावं. सगळे म्हणाले, हो हो, वाचाच. मेहुणा उठला. म्हणाला, मी वाचतो, माझ्या भाषणाचा वेळ भावजींना दिला. कागद घेतले, माझ्याजवळ आला आणि कानाशी वाकून विचारलं, भावजी, पहिला म्हणून वाचू की दुसरा? तुम्ही म्हणाल तसं. पहिला म्हणालात तर सीडी लावतच नाही, नुसतं वाचतो, कोणाला काही कळायचं नाही.
मी गाल धरून बसलो होतो. गाल धरताना दोन बोटं सुटी राहतात, ही शरीराची रचना आहे. त्याने त्याचा हवा तो अर्थ लावला.
वाचलं त्याने चांगलं. पहिल्याच्या जागी दुसरा म्हणाला, दुसऱ्याच्या जागी पहिला, बाकी सगळं माझं. फुटलेल्या आवाजाचा भाग आल्यावर गाणं लावलं. खोलीत कोणी कप खाली ठेवीना. एक म्हातारे गृहस्थ चष्मा काढून पुसत राहिले (फ्रेम आमच्याच दुकानातली). पहिल्याच्या बाजूने लिहिलेलं, दुसऱ्यावरचं इतकं चांगलं भाषण ग्रुपमध्ये आजवर झालेलं नाही, असं ॲडमिन म्हणाला. म्हणजे त्यालाही माहीत होतं.
मतदान. दुसऱ्यासाठी जवळजवळ सगळे हात वर. माझाही होता. मी पंखा कमी करायला सांगत होतो.
येताना मेहुण्याच्या स्कूटरवर बसून आलो. कोणी काही बोललं नाही. मला मनाई होती. त्याला नव्हती, तरी तोही बोलला नाही.

२८ फेब्रुवारी
दुकानात ते मास्तर चष्मा न्यायला आले. नव्या चष्म्यातून सगळं स्वच्छ दिसतंय म्हणाले. शेवटी कुठली काच घातलीत, पहिली की दुसरी? मी म्हटलं, काय फरक पडतो. दिसतंय ना?
ॲडमिनने मूळ कॅसेट पाठवली, वाजवायचं यंत्रही पाठवलं. शटर अर्धं ओढून ऐकली. पहिला. अखेर खराखुरा पहिला. जबडा जरा अडकल्यासारखा वाटतो. शेवटच्या ओळीत आवाज फुटत नाही. सरळ गातो, संपवतो. टेप जुनी झाली असावी. पुन्हा लावली, पण अर्ध्यावर यंत्र बंद केलं, गरम झालं होतं.
शुक्रवारी मेहुणा जेवायला येतोय. त्याच्यासाठी सीडी लावू. पाहुणा आहे.
मी मात्र पहिल्याचाच. ती कॅसेट आता रोज थोडी थोडी ऐकायचं ठरवलं आहे. सवय झाली की आवडेल.