निळी खूण

३ मार्च

परत लाल! चिमणीची पानं आज बाईंच्या खोलीतून परत आली ती नखशिखांत लाल. समासात लाल, ओळींच्या मध्ये लाल, पाठीमागेसुद्धा लाल. पाणी प्यायचं निमित्त काढून मी तिच्या टेबलावरून गेले आणि डोळे भरून पाहून आले. फार बरं वाटलं.

चिमणी हे नाव मी ठेवलंय, मनातल्या मनात. नवीन लागली आहे, सारखी चिवचिवते. आमच्या शब्दकोशात शब्द अक्षरांप्रमाणे येत नाहीत. बाई ते कुळांप्रमाणे लावतात – एका अर्थाचे सगळे इंग्रजी शब्द एका घरात, प्रत्येकाची जन्मकथा आणि मराठी अर्थ. या वेळी रागवण्याचं नि बजावण्याचं कूळ आलंय. अर्धं मला, अर्धं तिला! मी इथे केस पांढरे केले, ती परवा आली, आणि वाटणी मात्र अर्धी-अर्धी.

असो. बाईंची पद्धत साधी आहे. पान पसंत पडलं की कोपऱ्यात निळी खूण, आणि ते थेट खाली छपाईच्या जुळणीला. नाही पडलं तर लाल पेन्सिल आणि खोलीत बोलावणं. मला बोलावणं येऊन वर्षं लोटली. बाई वर्षअखेरीला निवृत्त होणार. मुख्य संपादकाची खुर्ची कोणाला, ते या दोन रंगांवरून कोणीही सांगेल. मला ती हवी आहे. इथे तरी खरं लिहावं.

५ मार्च

'ॲडमॉनिश' हातावेगळा केला. मूळ लॅटिन, त्यात आठवण करून देण्याचा अर्थ. वर्गातला मॉनिटर त्याच घरचा, आणि स्मारकाला म्हणतात तो मॉन्युमेंटही. म्हणजे मुळात ही कानउघाडणी नव्हेच, आठवण – बाबा रे, तुला हे माहीत होतं, विसरलास. मी अर्थ दिला 'समज देणे'. रागवायचं, आणि द्यायची काय तर समज! लिहिताना एकटीच हसले. बाई यावर नक्की काहीतरी बोलतील.

निळी खूण. माझा चहा निवायच्या आत पान परत.

६ मार्च

चिमणीला आत बोलावलं. त्या खोलीचं दार पुरतं लागत नाही. "अक्कल काय गहाण टाकलीस?... कोणी सांगितलं हे तुला?... परत लिही. परत!" मी मान खाली घालून ऐकत होते. पोटात गुदगुल्या!

मग आतून हसण्याचा आवाज आला. दोघींच्या. मग शिपाई चहा घेऊन आत गेला. दोन कप.

९ मार्च

चिमणी जेवायला गेली तेव्हा तिचं 'स्कोल्ड'चं पान वाचलं. वाचायला नको होतं. गोष्ट चांगली आहे – उत्तरेकडच्या कुठल्या जुन्या भाषेत कवीला जो शब्द होता, त्यापासून हा आला म्हणे. ते कवी पद्यातून लोकांचे वाभाडे काढायचे. आधी कवी, मग शिवराळ तोंडाची बाई, मग रागे भरणं. चिमणीनं 'निश्चितपणे' लिहिलं होतं. शेजारी बाईंचं लाल अक्षर : 'बहुधा! तू होतीस का तिथे?' खाली : 'भांडखोर म्हणून बाईच का? पुरुष काय मुके होते? शोध.' आणि अगदी तळाला, बारीक : 'कल्पना आवडली. घाई नको करूस.'

त्या एका पानावर बाईंनी जेवढं लिहिलंय, तेवढं माझ्या अख्ख्या नोकरीत मला लिहिलेलं नाही. माझ्या पानावर काय असतं? पोस्टाच्या शिक्क्यासारखी एक खूण.

गुदगुल्या गेल्या. पोटात दुखायला लागलं.

१० मार्च

मी जळते आहे. आणि कशावर – तर दुसरीनं बोलणी खाल्ली यावर! कोणाला सांगायची सोय नाही.

११ मार्च

आईचा माझ्या धाकट्या भावाला फोन. "आत्ता उठतोस?... दाढी कर आधी... हे काय वय आहे का रे असं वागायचं?" चांगली बिनपाण्यानं केली त्याची. फोन ठेवला तेव्हा चेहरा कसा टवटवीत!

मी म्हटलं, "आई, मला तू कधी रागावली नाहीस."

"तुला कशाला रागवू? तुझं सगळं वेळच्या वेळी असतं." आणि पेपर उघडला.

१३ मार्च

आज जे केलं ते कोशवाल्या बाईनं करू नये. 'वॉर्न' हा शब्द सावधपणाच्या घरातला. जुन्या इंग्रजीत सावध करणं आणि स्वतः सावध राहणं, दोन्हीला तो चाले. 'बिवेअर'शी त्याचं नातं सांगतात. हे मला झोपेतून उठवलं तरी येतं. आणि मी लिहिलं काय – 'वॉर' म्हणजे युद्ध, त्यावरून 'वॉर्न'. धडधडीत खोटं! दिसायला मात्र कसं सोज्वळ.

बाई भडकणारच. असल्या चुकीवर तर त्या टेबल आपटतात. उद्या आत जायचंय म्हणून इस्त्रीचे कपडे काढून ठेवले.

१४ मार्च

निळी खूण.

१६ मार्च

पान जुळणीला गेलं. मागे घ्यायला हवं होतं. घेतलं नाही. छापून येऊ दे, मग तरी बघतील! असा विचार शहाणं माणूस करतं का? मी केला.

चिमणी 'रिब्यूक' घेऊन आत गेली. बहुधा लाकूडतोड्यांचा शब्द – घाव घालून मागे रेटणं. आत तिच्यावर घाव पडत होते आणि बाहेर माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. पुन्हा दोन कप.

१७ मार्च

बोलावणं! बाई म्हणाल्या, "बस." मग म्हणाल्या, "मी जाणार. खुर्ची तुझी. वर कळवलंय मी."

माझ्या तोंडून निघालं, "बाई, माझं परवाचं पान..."

"तुझं मी वाचत नाही गं. किती वर्षं झाली! गरजच काय?" कौतुकानं म्हणाल्या. पाठीवर हात ठेवला.

खुर्ची मिळाली. जिच्यासाठी झुरले तीच. आणि 'समज देणे' त्यांनी वाचलेलंच नाही. जिन्यात उभी राहून रडले.

मग भानावर आले. ते पान! खुर्चीत बसायच्या आधीच नाक कापलं जायचं. तशीच खाली जुळणीकाकांकडे धावले. "काका, 'वॉर्न' थांबवा!"

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "ते त्या नव्या पोरीनं कालच परत नेलं. तुमचं प्रत्येक पान ती इथे बसून वाचते, मगच मी हात लावतो. आल्यापासून चाललंय. आवडलेलं उतरवूनही घेते. तुम्हाला नाही माहीत?"

१८ मार्च

चिमणीनं मला कोपऱ्यातल्या रिकाम्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. "ताई, युद्ध? युद्धाचा काय संबंध? 'समज देणे' लिहिणाऱ्या तुम्ही! मी ते घरी सगळ्यांना वाचून दाखवलं... आणि आता हे? डोळे मिटून लिहिता का?" आवाज चढलेला, डोळ्यांत पाणी. पान माझ्यापुढे आपटलं. समासात लाल, ओळींच्या मध्ये लाल.

मी दार उघडून शिपायाला हाक मारली, दोन कप सांगितले. मग परत येऊन बसले आणि म्हटलं, "बोल. आणखी काय चुकलंय?"