मागच्या पानाचं काय करायचं

४ मार्च
आजपासून मी संपादक. संपादक फादर आजारी, म्हणून बिशपांनी ‘तात्पुरते’ नेमलं. तात्पुरते हा शब्द शिष्टाचाराचा. आजोबांच्या काळापासून चाललेलं कॅथलिक साप्ताहिक, आणि लोक वाचतात काय? मागचं पान. कोण गेलं, कुणाच्या स्मरणाची मिस्सा-प्रार्थना चर्चमध्ये कधी. गिधाडं परवडली.

६ मार्च
संकल्प: मागचं पान बंद. तिथे माझी लेखमाला, ‘साप्ताहिकाची भूमिका’. डीटीपीवाल्या बाई म्हणाल्या, लोक ओरडतील. म्हटलं, ओरडू देत, निदान जागे तरी होतील.

७ मार्च
बायकोला लेख वाचून दाखवला. शेवटपर्यंत डोळे मिटून होती. चिंतन.

१० मार्च, रविवार
मिस्सेनंतर चर्चच्या दारात उभा राहिलो. माणसं अंक मागून उघडतात, माझा लेख बघतात, परत गठ्ठ्यावर ठेवतात. पचायला जडच आहे तो.

१४ मार्च
चर्चमधल्या फादरांचा फोन. गेल्या महिन्यात वारलेल्या ऑर्गनवाल्या मास्तरांची मिस्सा काल झाली. बातमी मागच्या पानावर होती. म्हणजे असती. चर्चमध्ये मास्तरांची बायको, तिची बहीण आणि रिकामे बाक. साऱ्या गावाच्या लग्नांत वाजवलं हो त्यांनी, फादर म्हणाले. मी म्हटलं, आठवण मनात हवी, छापून काय येते? फादरांनी फोन ठेवला. पटलं असावं.

१५ मार्च, सकाळी
बिशपांचं बोलावणं. लेखमालेचं कौतुक असणार. भाग दुसरा सोबत नेतोय.

दुपारी
लेखमालेचा विषयच निघाला नाही. मास्तरांच्या बाईंना भेटलात का, एवढंच विचारलं. नाही म्हटलं. आधी भेटून या, म्हणाले. मोठ्या माणसांचं लक्ष कुठे अडकेल सांगता येत नाही.

१६ मार्च
गेलो. मुद्दे तयार होते. बाईंनी चहा केला. ऑर्गनवर चादर घातलेली. लोक येतील म्हणून पुढचे बाक स्वतः पुसले होते, म्हणाल्या. रागावल्या असत्या तर मला बोलता आलं असतं.

मग त्यांनी विचारलं, मागच्या पानावर ते लांबलचक कोणी लिहिलंय? म्हटलं, नवे संपादक आहेत. आणि तुम्ही? म्हटलं, मी ऑफिसातलाच.

त्यांना सांगा, म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नका. त्यांच्या घरचं कुणी गेलं नसेल अजून.

म्हटलं, सांगतो.