देवराईतली सुकी फांदी

पासली, आषाढ वद्य पंचमी

शेजारच्या सखूबाईंनी आज देवराईतली सुकी फांदी आणली. तिथलं पानसुद्धा कुणी उचलत नाही. गावकरी चिडून माझ्याकडे आले. "गुरुजी, ह्ये पाप न्हाई का?"

सखूबाई रडत म्हणाल्या, "सून बाळंतीण हाय. सरपण समदं भिजलंय. बाजंखाली शेगडी नको व्हय?"

पोरांना रोज नीती शिकवतो मी, पण 'उद्या बघू' म्हणून सगळ्यांना घरी धाडलं. फांदी सुकीच होती... तरी देवाची.

घरी आलो तर घर खायला उठलं. ही पहिल्या बाळंतपणाला भोरला माहेरी गेलीय. जाताना पावसाळाभर पुरेल एवढं सुकं सरपण माळ्यावर रचून गेली.

ही इथं असती, तर सखूबाईंना राईत जावंच लागलं नसतं.