पोरानं तोंड उघडायच्या आत

आई, ह्या वयात मला स्वयंपाकघराबाहेर बसवलंय, आणि ते तुझ्यामुळं. म्हणजे बसवलंय सुनेनं, सांगितलंय थेरपीच्या ताईनं, पण मूळ तू आहेस. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा चेहरा आठवायचा तर मला आधी तुझा आवाज आठवावा लागतो. तरी तुझा एक नियम माझ्या हातातून जात नाही. गेला आठवडाभर मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून आतली भांडी ऐकतेय. राग कुणावर काढायचा? सुनेवर काढला तर घरात आणखी एक तोंड बंद होईल. तुझ्यावर काढलेला बरा, तू काही उलटून बोलणार नाहीस.

तुला माहीत नाही ते आधी सांगते. मला एक नात आहे, पाच वर्षांची. ती बोलत नाही. ऐकू सगळं येतं. डब्याचं झाकण हळूच उघडलं तरी गच्चीवरून पळत येते. पण काय हवंय ते सांगत नाही, बोटसुद्धा दाखवत नाही. काही लागलं की माझं मनगट धरते आणि माझा हात त्या वस्तूवर नेऊन ठेवते, चिमट्यानं निखारा उचलावा तसा. बहुतेक वेळा तेवढंही करावं लागत नाही, कारण मला आधीच कळतं. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला. गल्लीत ज्याला जे सुचलं ते सांगून झालं. मोबाईलमुळं झालं, दृष्ट काढा, नवस बोला. शेजारीण म्हणाली, तिचा एक भाचा असाच होता, लग्न झाल्यावर बोलायला लागला. लग्नानंतर बोलायला लागलेला पुरुष मी तरी पाहिला नाही, उलटं पाहिलंय.

इथं सोलापुरात विजापूर रोडला एका बंगल्यात थेरपीचं सेंटर आहे, तिथं नातीला नेतो. तिथलं म्हणणं असं की पोरीला आठवड्यातून दोनदा आणून सोडलं आणि झालं, असं चालणार नाही. घरातल्या सगळ्यांनी यायचं, शिकायचं, घरी तसंच वागायचं. ऐकायला बरं वाटतं. माढ्याकडून एसटीनं येणारी एक बाई असते, मुलाला कडेवर घेऊन. तिचा नवरा श्रीपूरच्या साखर कारखान्यावर, सासू रानात. ती मला म्हणाली, "सगळं घर आना म्हंत्यात. घर काय पिशवीत घालून आनू व्हय?" मी हसले, पण मला सेंटरवाल्यांचा राग आला होता. त्यांनी एक पुस्तिकाही दिलीय, पालकांसाठी. सातवीत शाळा सुटली तरी मी वाचणारी बाई आहे, वाचनालयाचं कपाट रिकामं केलंय मी. पण ह्या पुस्तिकेतलं मराठी माणसानं लिहिलंय का यंत्रानं, कळत नाही. 'संप्रेषणाचा हेतू निर्माण होण्यास वाव द्यावा.' सगळी पालथी घातल्यावर मला कळलं, त्यांचं म्हणणं एवढंच आहे: मागितल्याशिवाय देऊ नका.

आता तूच सांग, हे मला जमणार आहे का?

मंगळवेढ्याच्या शिवारातला तो हुरडा तुला आठवत असेल. तुझ्या लांबच्या चुलतभावाचं रान होतं. मी नातीपेक्षा थोडी मोठी असेन. काळ्या रानात गोवऱ्यांची आगटी पेटलीय, कणसं भाजून चोळून गरम गरम हुरडा पुढ्यात येतोय, आणि माझ्या हातातला गूळ संपलाय. मी मामीला म्हणते, "मामी, अजून गूळ दे की." मामी उठतेसुद्धा. तेवढ्यात तू हसत हसत म्हणतेस, "नगं वयनी, तिची दाढ दुकती." माझी एकही दाढ दुखत नाहीये. तिथं तू मला काही बोलली नाहीस. वाटेत बोललीस. "मागतीस? लोकाच्या रानात मागतीस? घरात उपाशी ठिवलंय व्हय तुला?" मी रडत चालले होते आणि तू पुढं, मागं वळून न बघता. घरी आल्यावर मी पाटावर टेकायच्या आधी ताटात गुळाचा मोठा खडा होता. तू चुलीकडं तोंड करून म्हणालीस, "पोरानं तोंड उघडायच्या आत ताटात पडलं पायजे. मागायची येळ आली म्हंजे वाढनारी आंधळी." तो गूळ मी खाल्ला. नियमही त्याच्याबरोबरच पोटात गेला.

आणि मी तो पाळला, आई. लग्न होऊन सोलापुरात आले, तुझे जावई यंत्रमागावर, पाळीनं येणंजाणं, घरात सासरची माणसं, पाहुणे. माझ्या पंगतीत कुणाला 'वाढ' म्हणावं लागलं नाही. कुणाची भाकरी संपत आली, कुणाला मीठ कमी पडलं, कुणी लाजून हात आखडता घेतला, मला पाठमोरीला कळायचं. लोक म्हणायचे, ह्या घरात जेवायला बसलं की तोंडाला फक्त चावायचं काम. ह्याच्यापेक्षा मोठी शाबासकी मला आजवर मिळालेली नाही.

तर सेंटरमध्ये आमची शिकवणी. थेरपीची ताई म्हणजे माझ्या सुनेपेक्षाही लहान पोरगी, पुण्याला शिकून आलेली, बोलते भरभर. न बोलणाऱ्या मुलांनी चित्राचं कार्ड देऊन मागायचं, अशी तिथली रीत. त्यांच्या तयार कार्डांवर पिझ्झा, आइस्क्रीम, सफरचंद. नात ह्यातलं काहीही तोंडात घेत नाही. ती खाते कडक भाकरी. ओलं, मऊ काही नको, फक्त कडकड वाजणारी भाकरी, तीही कडेची. म्हणून सुनेनं आमच्याच डब्यातल्या भाकरीचा मोबाईलवर फोटो काढला आणि चौकातल्या दुकानातून लॅमिनेशन करून आणलं. नातीनं ते कार्ड उचलून समोरच्याच्या हातात द्यायचं, मग समोरच्यानं भाकरीचा तुकडा द्यायचा. म्हणजे ते तिचं मागणं.

"आणि तोवर?" मी विचारलं.

"तोवर थांबायचं, आजी."

"रडली तर?"

"जवळ बसायचं. आणि थांबायचं."

मी समोर बसले. नातीनं भाकरीकडं एकदा पाहिलं, बस. पुढं काय झालं ते माझ्या हातांना विचार. मी कार्ड उचललं, तिच्या मुठीत कोंबलं, तिच्या मुठीतून काढून घेतलं आणि भाकरी दिली. पोरीची पापणीसुद्धा लवली नव्हती. ताई कपाळावर हात मारून हसायला लागली. "आजी, मागणाऱ्या पण तुम्हीच आणि देणाऱ्या पण तुम्हीच! मग ही कशाला आलीय?" सून हसली नाही. घरी येईपर्यंत ती रिक्षातून बाहेरच बघत होती.

घरी मी प्रयत्न केला, खोटं सांगत नाही. पण पोर डब्याजवळ उभी राहून कान झाकून ओरडायला लागली की माझा हात डब्यात जायचा. मी दोन तुकडे पदराच्या गाठीत ठेवायला लागले. सून मला आत्या म्हणते. आठ दिवसांपूर्वी ती मागून आली.

"आत्या, पदरात काय आहे?"

"कुठं काय?"

"काही नाही तर कडकड काय वाजतंय?"

मी म्हणाले, "अगं, लेकरू आहे. भुकेलं लेकरू समोर ठेवून मी बघत बसू? राक्षसीण आहे का मी?"

ती ओरडली असती तर मी निभावून नेलं असतं. ती खाली बसली. म्हणाली, "आत्या, तिला काय पाहिजे ते मला कळत नाही. तिच्या बापाला कळत नाही. फक्त तुम्हाला कळतं. पुढच्या वर्षी शाळेत घालायचीय तिला, तिथं तुम्ही बसणार आहात का? आणि तुम्ही नसाल तेव्हा? तहान लागली तर कुणाचा हात धरणार ती?" मग डोळे पुसून उठली आणि मला सांगितलं, "आजपासून तुम्ही वाढू नका. तिला नाही, कुणालाच नाही. तुम्ही आत असलात की ती तुमच्याकडंच बघते." माझा मुलगा दारात उभा होता. त्याची सगळी मदत एवढीच, "आई, थोडेच दिवस. तू टीव्ही बघ."

टीव्ही बघ! एवढी वर्षं ज्याच्या ताटावरून माझी नजर हलली नाही तो मला टीव्ही बघ म्हणतो.

वर ताईचा नवीन हुकूम. जेवताना घरातल्या प्रत्येकानं मागून घ्यायचं, म्हणजे मागतात कसं ते पोरीला दिसेल. मुलाला तर खेळच झाला. "शेंगाचटणी द्या! दही द्या! पाणी द्या!" असा ओरडतो की शेजारच्यांना वाटावं भांडण चाललंय. मी ताटात येईल तेवढी भाकरी खाऊन उठते. सून चटणीची वाटी हातात धरून माझ्याकडं बघते, मी ताटाकडं बघते. माझ्या तोंडून 'दे' निघत नाही. मग ती वाटी खाली ठेवते. पोरीला शिकवायला बसलेल्या घरात नापास मी झालेय.

बाहेर बसले की ह्यांची आठवण येते. येतच असते, पण आता हातात काम नाही म्हणून जास्त. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत नर्सबाई विचारायच्या, "काका, काय पाहिजे?" हे माझ्याकडं बोट करायचे, "हिला विचारा." सगळी खोली हसायची. मला केवढा अभिमान वाटला होता त्याचा! आता हे नाहीत. आणि मला काय पाहिजे ते ह्या घरात कुणी कुणाला विचारायचं? मला काही लागतं हेच कुणाला माहीत नाही. मी कधी कळू दिलं नाही. चार वर्षं झाली, ह्यांच्या मागं एकदाही कुणी मला 'चहा घेणार का' म्हणून विचारलं नाही. त्यांचा दोष नाही. चहा करणारी मीच असते. हे तू मला सांगितलं नव्हतंस, आई. दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिलं की आपलं तोंड कुणाला दिसत नाही, हे तुला ठाऊक नव्हतं, का ठाऊक असून तू गप्प बसलीस?

आज सकाळची गोष्ट. सून आत, नात आत, डबा ओट्यावर, कार्ड खाली पाटावर. मी बाहेर पेपर समोर धरून बसलेली, एक अक्षर वाचत नव्हते. आत ओरडणं सुरू झालं, मग थांबलं. सुनेचा आवाज येत होता, "हं, दे. माझ्या हातात दे." मग काहीच नाही. मग पावलं. पोर बाहेर आली. माझं मनगट धरायला येतेय म्हणून मी हात मागं घेतला, तशी ताकीदच होती. तिनं मनगट धरलं नाही. तिनं माझी मूठ उघडली, बोट न बोट सोडवून, आणि त्यात कार्ड ठेवलं. स्वतःच्या आईला ओलांडून आली होती. मग तिथंच उभी राहून वाट बघायला लागली, माझ्याकडं नाही, पंख्याकडं बघत. पण वाट बघत होती.

आणि माझ्याकडं द्यायला काही नव्हतं! पदर मोकळा, आत जायची बंदी. सून दारात येऊन उभी, तोंडावर हात, पण जागची हलेना. कशी हलेल, मागितल्याशिवाय द्यायचं नाही ना. मी म्हणाले, "अगं, भाकरी दे."

"काय म्हणालात, आत्या?"

"बहिरी आहेस का? कडक भाकरी दे, कडेची!"

ती डबा घेऊनच आली. रडत होती आणि हसतही होती. "आज दोघींनी मागितलं," म्हणाली. नात भाकरी घेऊन गच्चीवर गेली. डबा उघडाच होता, सून तो बंद करेना, माझ्याकडं बघत उभी राहिली. मी मानेनंच नको म्हटलं आणि पेपर उचलला.

हे तुला पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं. तुला वाचता येत नव्हतं. शेजारच्या कुणा पोराला 'एवढं वाचून दाव' म्हणून मागावं लागलं असतं, आणि तू ते पत्र तसंच उतरंडीत ठेवून दिलं असतंस. राग अजून गेलेला नाही. फक्त एक सांगायचं राहिलं, ते सुनेला सांगता येणार नाही, ताईला तर नाहीच. पोरीनं कार्ड माझ्या मुठीत ठेवलं तेव्हा मला आनंद झाला, पण तो नंतर. आधी लाज वाटली, की माझ्या घरात लेकराला मागावं लागलं.