तांब्याचं वेटोळं आणि चाळीस पत्र्यांचं शहाणपण

सोन्द्रे, वॉस्स, नॉर्वे
मंगळवार, सकाळच्या धारा काढून झाल्यावर

तीर्थस्वरूप ओड्डवारकाका यांना पुतण्या अमुंदचा साष्टांग नमस्कार. (नऊ वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नका, कोणी गेलेलं नाही.) बर्गनला पाऊस आहे का, हे विचारत नाही; तो असणारच. गुडघा काय म्हणतो? तुम्ही बोलायला लागलात की काकू अजूनही कानातलं यंत्र बंद करतात का? इकडे सगळं क्षेम आहे. गाई बऱ्या आहेत, तुमची सून सिन्योवे बरी आहे, आणि मीही बरा माणूस आहे असं सिन्योवे सोडून सगळे म्हणतात.

पत्रास कारण की, आपल्या रागनाचं लग्न वीस दिवसांवर आलंय. पोरीने बापाकडे एकच गोष्ट मागितली. दागिना नाही, गाडी नाही, म्हणाली, "बाबा, लग्नात बिअर आपल्या घरची हवी, आजोबांच्या विरजणाची." आता तुम्हाला काय सांगायचं, ते यीस्ट तुमच्या आजोबांच्याही आधीपासून घरात आहे. मी छाती फुगवून हो म्हटलं, आणि दोनशे लिटरच्या तयारीला लागलो. इथपर्यंत माझी काहीच चूक नाही, हे ध्यानात ठेवा.

प्रश्न आला तो माल्टचा उकळता काढा यीस्ट टाकण्याआधी गार कसा करायचा याचा. आजोबा दुधाचे कॅन ओढ्यात बुडवून ठेवायचे. मग तुम्ही तरुणपणी त्या कॅनभोवती तांब्याची नळी गुंडाळून ते वेटोळं केलंत. ते काढ्यात सोडायचं, आत ओढ्याचं पाणी खेळवायचं, झालं काम. बाबा शेवटपर्यंत तेच वापरत होते. (तुमचं नाव न घेता. तुम्ही निम्मं यीस्ट घेऊन शहरात गेलात त्याचा राग त्यांनी माणसावर काढला, तांब्यावर नाही.) पण मला वाटलं, लेकीच्या लग्नात एवढी माणसं येणार आणि आपण ते हिरवं पडलेलं भेंडोळं बाहेर काढायचं? शिवाय शेजारच्या लाइडुल्फने काढा गार करायला नळीत नळी घातलेला विकतचा चिलर आणलाय आणि चर्चमध्येसुद्धा त्याचंच गुणगान चालू असतं. मग मी त्याच्यावर ताण म्हणून चाळीस पत्र्यांचा चिलर मागवला. आकाराने प्रार्थनेच्या पुस्तकाएवढा! एका बाजूने उकळता काढा, दुसरीकडून गार पाणी, आणि बाहेर पडतो तो कोमट. आपल्या यीस्टला तेवढंच तर लागतं. वेटोळं मी वाटाण्याचे वेल चढवायला बागेत उभं केलं. वाटाणा छान आला, हेही सांगतो.

पहिला लहान घाणा झकास उतरला. त्यानंतर म्हणे तो चिलर लगेच उलट्या दिशेने गरम पाण्याने धुवायचा असतो. माहितीची पुस्तिका अकरा भाषांत होती. मी ती एकाही भाषेत वाचली नाही. सुलट्या दिशेने दोन मिनिटं नळाखाली धरला आणि फळीवर ठेवून दिला. महिन्याने उघडतो तर आत हॉप्सच्या कडू फुलांचा चिखल, जुनिपरच्या फांद्यांच्या सुया आणि वास असा की मांजर घर सोडून गेलं. (परत आलं. लाइडुल्फकडे गेलं होतं, कृतघ्न.) मी सिन्योवेची विणायची सुई घालून पाहिली, ती आतच मोडली. व्हिनेगर ओतलं. शेवटी कोणीसं म्हणालं, भट्टीत भाजला की आतली घाण जळून जाते. तासभर भाजला. घाण गेली नाही, तिची वीट झाली. आणि त्या भट्टीत सिन्योवेने नंतर लग्नाच्या रोट्या भाजल्या, त्यांना जो वास आला त्याबद्दल ती काय बोलली ते पत्रात लिहिण्याजोगं नाही.

तरी मी मागे हटलो नाही. गेल्याच्या गेल्या शनिवारी, संध्याकाळी, सगळे शेजारी यीस्ट टाकतानाच्या आरोळीसाठी अंगणात जमलेले (आरोळी जेवढी मोठी तेवढी बिअर जोमदार, ही आपली जुनी रीत). आणि चिलरमधून काढा येतोय थेंब थेंब, म्हाताऱ्याच्या नाकासारखा. लाइडुल्फ म्हणाला, "अमुंद, लग्न याच वर्षी आहे ना रे?" सगळे फिदीफिदी हसले. माझं डोकं सटकलं. नळी काढली आणि उरलेला उकळता काढा बादलीने थेट पिंपात ओतला. थर्मामीटर मात्र चिलरच्या तोंडाशी बांधलेला, तो बिचारा अडतीस दाखवतोय. मी पाहिलं, अडतीस! घरातलं होतं नव्हतं तेवढं यीस्ट पिंपात टाकलं (निम्मं मागे ठेवायचं असतं, ठाऊक आहे, बोलू नका) आणि अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या डोंगरावरून परत आली.

यीस्ट जागच्या जागी शिजलं. रविवारी फेस नाही. सोमवारी फेस नाही. लाइडुल्फ म्हणे, आरोळी कमी पडली असेल, म्हणून मी आणखी तीनदा ओरडलो. त्याने फक्त पशुवैद्य धावत आला. काका, दीडशे वर्षं ज्याने दम सोडला नाही, ते मी एका संध्याकाळी मारलं. रागनाने नुसतं पिंपात वाकून बघितलं आणि झाकण लावलं. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लाइडुल्फ दुकानातलं पाकिटाचं यीस्ट द्यायला तयार आहे. ते घालण्यापेक्षा मी पाहुण्यांना ताक वाढेन.

असो. तब्येतीला जपा. काकूंना नमस्कार.

आपला आज्ञाधारक (हसू नका),
अमुंद

ता. क. : तुम्ही नेलेलं निम्मं यीस्ट अजून जिवंत आहे का? असल्यास चमचाभर पाठवाल का? बाबांच्या दफनाच्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो की शहराचं पाणी पिऊन तुमच्या यीस्टला मासळीचा वास येतो. ते मी (इथे शाई सांडली आहे, लक्ष देऊ नका).

ता. क. दुसरा : तांब्याचं वेटोळं कशाने घासायचं तेही कळवा. वाटाणा काढलाय.

काका, मी सिन्योवे. पाकीट चिकटवायला त्याने माझ्याकडे दिलं, ही त्याची आणखी एक चूक. तुमची यीस्टची बरणी गेल्या गुरुवारीच पोचली. हेरिंगच्या डब्यामागे ठेवली आहे, तिथे तो कधी हात घालत नाही. रागनाला तेवढं सांगितलंय. पोरगी बरणी छातीशी धरून रडली. तुम्ही फोनवर म्हणालात ना, "यीस्ट पोरीसाठी देतो, पण त्याच्या हातचा एक शब्द येईपर्यंत मी काही तिकडे पाऊल टाकणार नाही," म्हणून मी त्याला लिहू दिलं. शाई सांडलेली नाही. कागद उजेडात धरा, खाडाखोडीखाली 'चुकलो' लिहिलंय, आणि तेही दोनदा.

शनिवारी सकाळच्या गाडीने या. वेटोळं मी लिंबू-मिठाने घासून लख्ख केलंय. आरोळी तुम्ही मारा. थर्मामीटर मी धरते.