ताप उतरल्यावर

११ नोव्हें., पेण
माझा ताप उतरला. सगळे खूश. डॉ. मात्र म्हणाले, "ताप गेला, जंतू नाही गेले. हृदयाच्या झडपेवर गाठ करून बसलेत. त्यातलाच तुकडा सुटून मेंदूत गेला, म्हणून डावी बाजू लुळी पडली. सहा आठवडे इंजेक्शनं, एकही चुकवायचं नाही." हे मान डोलावत होते. कंपनीत साहेबापुढे डोलावतात तशी.

१३ नोव्हें.
रोह्याहून सासूबाई आल्या. माझा डावा हात मांडीवर घेऊन चोळत बसल्या. "ताप गेलाय नां? मंग सुया कशाला गो अजून? हाताचं बघा कुनीतरी." त्यांना दिसतो तो हात. झडप कुणाला दिसते? सांगायला गेले तर तोंडातून नुसता लगदा. "बोलू नको, दमशील." संताप आला. जीभ जड झालीय, डोकं नाही.

१६
निडीकडे लकव्याचा वैद्य आहे म्हणे. शेजारणीचा दीर त्याच्या औषधाने चालायला लागला. अट एकच, डॉक्टरी औषध बंद. मायलेक कॉटच्या पायथ्याशी उभे राहून ठरवतात. मी मधे, गाठोड्यासारखी.

१७
सकाळी शीर मिळेना. उजवा हात सुजलाय, म्हणून अक्षर असं. खिडकीतून रस्ता दिसतो. रोह्याची एस.टी. जाते. घरी वाल पेरायचे राहिलेत. इथून सुटायची घाई सगळ्यात जास्त मलाच आहे. पण असं सुटून...

१८
ह्यांना लिहून दिलं: पुन्हा तुकडा सुटला तर मी मरेन. नेऊ नका.
वाचलं. घडी घालून खिशात टाकलं. "आईला काय सांगू?"
मला काय सांगणार, ते नाही बोलले.
मी रडले. रडताना तोंड एकाच बाजूला जातं. मोबाईलच्या काचेत बघून हसू आलं, मग परत रडू.

२०
गाडी आणली. पिशव्या भरल्या. डॉ. चिडले, "पेशंट शुद्धीवर आहे, तिला विचारा की!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. सावकाश म्हटलं, "नाय."
सासूबाईंनी माझा लुळा हात गालाला लावला. "ह्या हातानं भाकऱ्या थापायचीस गो. मी काय वैरीन हाय तुझी?"
वैरीण असत्या तर सोपं होतं. पुन्हा म्हटलं, नाय.
त्या डोळे पुसत खाली उतरल्या. मागोमाग हे, पिशवी घेऊन. माझेच कपडे होते तिच्यात. गाडी मागच्या बाजूला लावलेली. सुरू झाल्याचा आवाज आला. हे बसले की नाही, इथून दिसत नाही.
सिस्टर इंजेक्शन घेऊन आली. हात पुढे केला.
"सोबत कोण आहे तुमच्या?"
येतील, म्हटलं. तिला कळलं नाही. परत विचारलं तिने.