माझं झालं

१ तारीख, सोमवार
हाडांचा डॉक्टर म्हणून आज अपघात विभागात रुजू झालो. जाम खूश आहे! इथे खाटेभोवती फरशीवर पिवळ्या पावलांच्या चार जोड्या रंगवल्यात. डोक्याशी भूलवाले काका, डावीकडे पोटाच्या सर्जनबाई, उजवीकडे मेंदूवाला, पायथ्याशी मी. प्रत्येकाने आपला भाग तपासायचा, सापडेल ते मोठ्याने सांगायचं आणि शेवटी ‘माझं झालं’ म्हणायचं. चौघांचं झाल्याशिवाय जखमी हलवायचा नाही. सिस्टर सगळं फळ्यावर लिहिते.

९ तारीख, मंगळवार
सर्जनबाईंना सगळे ताई म्हणतात. जिकडेतिकडे ताईंचंच कौतुक. आज एका ड्रायव्हरची चुरा झालेली मांडी मी चार तास खपून जुळवली, तर बायकोने हात जोडले कुणाला? ताईंना! काका म्हणाले, अरे, काम सगळ्यांचं आहे, कुणाला का जोडेना. त्यांना बोलायला काय जातंय. माझा मात्र जळफळाट झाला.

१८ तारीख, गुरुवार
बांधकामावरून पडलेला गवंडी आला. कमरेचं हाड माझ्या हाताखाली सरकलं. म्हणजे रक्त तिथेच वाहत होतं, ताबडतोब पट्टा आवळायला हवा होता. तेवढ्यात ताईंनी ठासून सांगितलं, रक्त पोटात आहे. एकदा तरी या बाई तोंडघशी पडू देत, असं मनात आलं. पाच मिनिटांनी सांगणारच होतो. नुसतंच ‘माझं झालं’ म्हणालो. गवंड्याने माझा कोट घट्ट धरला होता.
पोट उघडलं, तर कोरडं. तो टेबलावरच गेला. ताई सगळ्यांदेखत रडल्या. मला बरं वाटलं. हो, वाटलं.

२२ तारीख, सोमवार
आज चौघांचं झाल्यावर माझ्या मागून कुणीतरी हळूच म्हणालं, माझं राहिलं. वळलो. कुणी नाही. फरशीवर ओल्या सिमेंटची पावलं. मावशींना पुसायला सांगितलं, तर म्हणाल्या, फरशी स्वच्छच आहे की.

२५ तारीख, गुरुवार
पावलं आता माझ्या पिवळ्या पावलांवरच. मी उभा कुठे राहू? ताईंना सगळं सांगून टाकलं तर कदाचित थांबेल — पण मग चूक माझी ठरेल, त्या निर्दोष सुटतील. नाही सांगणार.

२७ तारीख, शनिवार
जिन्यात सिमेंट — पाय घसरला — थेट खाली. आता खाटेवर मीच. वही खिशात होती.
कमरेत काहीतरी सरकतंय. आवाज फुटत नाही. ताई पोट तपासतायत. किती हलका हात —
पायथ्याशी कुणीतरी उभं आहे. कुणीच त्याच्याकडे बघत नाही. तो म्हणाला, माझं झालं. सिस्टरने लिहूनही घेतलं —
वही दाखवू? मग १८ तारीख वाचतील —
दाखवतो. ताई, पोट नाही, कमर बघा, कम